जुनं धनुष्य घेताना पट्टी सोडवून बघा

माझी लेक तेरा वर्षांची आहे. 2023 मध्ये साताऱ्याच्या आदिती स्वामीने बर्लिनला तिरंदाजीचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं आणि आमच्या भागातल्या कितीतरी पोरांना धनुष्याचं वेड लागलं, त्यातलीच ही. आदितीचा प्रकार कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेलं यांत्रिक धनुष्य, त्याचं साहित्य लाखाच्या घरात जातं. म्हणून आमच्याकडची मुलं इंडियन राउंडपासून सुरुवात करतात. बांबूचं धनुष्य, त्याला नेम धरायची साइट नाही, हात स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर नाही, आणि नेम 50 आणि 30 मीटरवर. सहा महिने ती सरांच्याच धनुष्यावर शिकली. निवड चाचणी जवळ आली तसं स्वतःचं धनुष्य पाहिजे झालं.

मोबाईलवर जाहिरात दिसली. "मुलीचं आहे सर, बारावीमुळे तिनं सोडलं. फार तर दोन महिने वापरलंय," असं तो फोनवर म्हणाला. बोलणं इतकं अदबीचं की शंका घ्यायलाच लाज वाटावी. हायवेवरच्या एका हॉटेलबाहेर संध्याकाळी सातला भेटलो. धनुष्य देखणं होतं. ताज्या पॉलिशचा वास येत होता. खालच्या लिंबवर, मुठीपासून वीतभर अंतरावर, तपकिरी चामड्याची चार बोटं रुंद पट्टी गुंडाळलेली होती आणि वरच्या लिंबवर तशीच दुसरी. (धनुष्याच्या वरच्या-खालच्या हातांना आम्ही लिंब म्हणतो.) "डिझाइन आहे सर, जोडी दिसते छान." दोरी त्यानंच चढवली, अर्ध्यापर्यंत ओढून दाखवली. पूर्ण ओढा म्हटलं तर म्हणाला, "पावसाळी हवेत बांबू एकदम ताणू नये." 2,800 रुपये तिथंच ऑनलाइन दिले.

पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, ओढताना टिक असा आवाज येतोय." मी म्हटलं, दोरी नवी आहे, बसेल हळूहळू. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. त्या एका आवाजावर धनुष्य खाली ठेवायला हवं होतं.

चौथ्या दिवशी पूर्ण ताणावर खालचा लिंब मोडला. तुटलेला तुकडा दोरीला लोंबकळत उसळला आणि तिच्या हनुवटीवर बसला. तीन टाके पडले. डोळा बोटभर अंतरावर होता.

सरांच्या ओळखीचे एक वयस्कर कारागीर आहेत, उभं आयुष्य बांबूची धनुष्यं बनवण्यात गेलेलं. तुकडे त्यांच्याकडे नेले. त्यांनी आधी काही विचारलं नाही. ब्लेडनं चामडं कापून बाजूला केलं. खाली दोऱ्याचे घट्ट वेढे, सुपरग्लूनं दगडासारखे झालेले. तेही सोलले. त्याखाली पेराजवळून तिरकी गेलेली चीर, तीत लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून भरलेला, वरून पॉलिश. वरच्या लिंबवरची पट्टी काढली तर तिथं काहीच नव्हतं. ती फक्त जोडी दिसावी म्हणून.

मग त्यांनी चिरेच्या बाजूचा भाग माझ्या अंगठ्याखाली धरला. "हात फिरवा. इथं साल आहे, इथं नाही." खरंच, चिरेभोवती दोन इंच भाग पॉलिशपेपरनं घासून सपाट केला होता. त्यांनी सांगितलं ते असं: बांबूचे चिवट धागे सालीलगत दाट असतात, आतल्या बाजूला विरळ होत जातात. धनुष्याची पाठ, म्हणजे टारगेटकडची बाजू, ताण झेलते, म्हणून तिथली साल कधी खरवडत नाहीत. दुरुस्ती लपवायला म्हणून यानं तीच काढली होती. उरलेला बांबू फक्त वेढ्यांच्या भरवशावर होता.

नंतर पहिल्या दिवशीचा फोटो मोठा करून बघितला. लेकीनं दोरी ओढलेली, चेहऱ्यावर आनंद, आणि खालचा लिंब गोलाईत वाकायच्या ऐवजी पट्टीच्या कडेला कोपर मोडल्यासारखा वाकलेला. नुसतं दोन पावलं मागं जाऊन बघितलं असतं तरी दिसलं असतं.

विकणाऱ्याला फोन केला. "वापरलेल्या वस्तूला गॅरंटी नसते सर." दवाखान्याचं सांगितलं तेव्हा फोन कट, नंतर नंबर बंद.

दुरुस्त केलेलं धनुष्य मुळातच वाईट असतं असं कारागीर म्हणत नाहीत. टोकाजवळचा छोटा टवका, उघडा दिसणारा वेढा, किंमत त्या हिशेबानं, आणि विकणारा स्वतः पूर्ण ओढून दाखवतोय, तर सरावाला ते वर्षानुवर्षं चालतं. मुठीच्या जवळ किंवा लिंबच्या मधल्या भागातली पाठीवरची चीर मात्र ते स्वतः जोडत नाहीत, कुणी कितीही पैसे दिले तरी.

त्यांनी शिकवलेलं मी आता प्रत्येक धनुष्यावर करतो. उजेडात भेटायचं. कापसाचा बोळा लिंबच्या पाठीवरून आणि पोटावरून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूवरून, सावकाश फिरवायचा. जिथं कापसाचा धागा अडकतो तिथं बांबूचं कुसळ उठलेलं असतं. पोटाच्या बाजूला केसासारख्या बारीक आडव्या रेषा दिसल्या तर बांबू तिथं चेपला गेलाय. दोरी चढवून टोकाकडून बघायचं, ती दोन्ही लिंबच्या मधोमध जायला हवी. मुठीपासून सारख्या अंतरावर वर आणि खाली दोरीपर्यंत मोजपट्टी लावून मोजायचं. खालचं अंतर वरच्यापेक्षा बरंच जास्त भरलं तर खालचा लिंब दमलाय. ताकद बॅगा मोजायच्या वजनकाट्यानं 28 इंच ओढीला मोजायची. 30 पौंड सांगितले असतील तर काटा साडेतेरा किलोच्या आसपास यायला हवा. आणि बाण न लावता ओढून सोडायचं नाही, विकणाऱ्यालाही सोडू द्यायचं नाही. बाणात जाणारी सगळी ताकद लिंबवर उलटते, चांगलं धनुष्यही त्यात तडकतं.

लेक परत मैदानावर आहे, सरांच्या धनुष्यावर. पूर्ण ओढीला आली की हनुवटी किंचित मागं घेते. सर म्हणतात, जाईल ते, वेळ लागेल. तिची ती चाचणी मात्र गेली.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. परवा तशीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर दुसरा, मजकूर तोच, बारावीची मुलगीही तीच. फोटोत दोन्ही लिंबवर चार बोटं रुंद तपकिरी पट्टी आहे. सायबर पोलिसांकडे स्क्रीनशॉट दिलेत. सातारा, कराड, फलटण भागात कुणी बांबूचं धनुष्य शोधत असाल आणि असा फोटो आला, तर पैशांचं बोलण्याआधी पट्टी सोडवून बघू द्याल का, एवढं त्याला विचारा.