450 व्होल्टपर्यंत गेलेली माणसे: मिलग्रॅम यांचे ‘ओबिडियन्स टू ऑथॉरिटी’

मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगाविषयी ज्यांनी काही ऐकलेले असते, त्यांना बहुधा एकच आकडा पाठ असतो: पलीकडच्या खोलीतला माणूस भिंत बडवून पुढे गप्प झाला, तरी 40 पैकी 26 जणांनी शेवटचे, 450 व्होल्टच्या विजेच्या झटक्याचे बटण दाबले. स्टॅन्ली मिलग्रॅम यांचे 1974 साली निघालेले हे इंग्रजी पुस्तक विकत घ्यावे का, असे विचारणाऱ्याला मी सांगेन की तेवढ्या आकड्यासाठी घेऊ नये, तो कुठेही वाचायला मिळतो. घ्यावे ते या मूळ प्रयोगात एकेक गोष्ट बदलून केलेल्या पुढच्या प्रयोगांसाठी, कारण पुस्तकाचे खरे मोल तिथे आहे.

प्रयोग 1961 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन येथील येल विद्यापीठात सुरू झाले. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसे हवीत, तासाचे चार डॉलर आणि वर जाण्यायेण्याचे पन्नास सेंट मिळतील, अशी जाहिरात वर्तमानपत्रात देण्यात आली. आलेल्या माणसाला ‘शिक्षक’ केले जाई आणि खुर्चीला बांधलेला ‘विद्यार्थी’ चुकला की दर वेळी 15 व्होल्टने चढत जाणारा झटका द्यायला सांगितले जाई. झटके खोटे होते आणि विद्यार्थी प्रयोगकर्त्यांना सामील होता, हे वाचकाला आधीपासून ठाऊक असते. तरीही तीस बटणांच्या त्या यंत्राचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, कारण शेवटच्या बटणांपाशी धोक्याची सूचनासुद्धा संपते आणि नुसत्या तीन फुल्या उरतात.

आता बदल पाहा. विद्यार्थी त्याच खोलीत समोर बसला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे 40 पैकी 16 उरले. त्याचा हात स्वतः धरून झटका देणाऱ्या पट्टीवर दाबावा लागला, तेव्हा 12. प्रयोगकर्ता खोलीतून निघून गेला आणि फोनवरून हुकूम देऊ लागला, तेव्हा आज्ञापालन एकपंचमांशाच्या आसपास आले, आणि काही जण तर फोनवर ‘वाढवतोय’ असे सांगून प्रत्यक्षात सर्वांत सौम्य बटण दाबत राहिले. (साहेबाला ‘हो’ म्हणून आपले तेच करण्याची ही कला वाचताना एकदम ओळखीची वाटते.) दोन प्रयोगकर्ते आपसांत भांडू लागले, तेव्हा एकही जण शेवटापर्यंत गेला नाही. शेजारच्या दोन ‘शिक्षकांनी’ नकार दिला, तेव्हा 40 पैकी चौघेच टिकले. उलट बटण दाबण्याचे काम दुसऱ्याकडे आणि आपल्याकडे केवळ प्रश्न वाचण्यासारखे किरकोळ काम असले, की 40 पैकी 37 जण निमूटपणे शेवटापर्यंत बसून राहिले. मला विचाराल तर पुस्तकातली सर्वांत भयंकर संख्या ही आहे, 26 नव्हे.

या तक्त्यांच्या जोडीला काही संवाद जसेच्या तसे छापले आहेत. पन्नाशीचा एक बेकार गृहस्थ पुन्हा पुन्हा हात आखडता घेतो, आतला माणूस ओरडतो आहे म्हणून तक्रार करतो आणि त्याला काही झाले तर जबाबदारी कोणाची, असे विचारतो; प्रयोगकर्ता ती आपली असल्याचे सांगतो आणि गृहस्थ पुढचा शब्द वाचायला घेतो. तो क्रूर नाही, उलट त्याची तगमग ओळीओळीत दिसते; पण ती तगमग बटणापर्यंत पोहोचत नाही. याउलट एक अभियंता ‘तुम्हाला दुसरा पर्याय नाही’ हे वाक्य ऐकताच पर्याय आहे, असे सरळ बजावून थांबतो.

जिथे मिलग्रॅम कारणमीमांसेकडे वळतात, तिथे मात्र पुस्तक ढिले पडते. माणूस अधिकाऱ्यापुढे स्वतःला केवळ दुसऱ्याच्या इच्छेचे साधन समजू लागतो, हे त्यांचे म्हणणे निरीक्षण म्हणून पटते. पण ते उत्क्रांती आणि सायबरनेटिक्स (यंत्रे व सजीव यांच्यातल्या नियंत्रणाचे शास्त्र) यांच्या आधारे सिद्ध करू पाहणारी प्रकरणे कोरडी आहेत आणि त्यांच्याच आकड्यांवर नीट बसत नाहीत. खोलीत बसलेला अधिकारी आणि फोनवरचा अधिकारी यांच्या आज्ञेत एवढा फरक का पडावा, याचे समाधानकारक उत्तर तिथे मिळत नाही.

शिवाय पुस्तकात जे आले नाही, तेही महत्त्वाचे आहे. मित्र किंवा नातेवाईक यांच्या जोड्या घेऊन केलेल्या एका प्रयोगात 20 पैकी अवघे तिघे शेवटापर्यंत गेले होते; तो मिलग्रॅम यांनी प्रसिद्धच केला नाही, आणि येलमधली त्यांची कागदपत्रे अभ्यासकांनी चाळली तेव्हा तो उजेडात आला. नैतिकतेवरच्या आक्षेपांना त्यांनी परिशिष्टात उत्तर दिले आहे, सहभागी झालेल्यांपैकी 84 टक्क्यांनी नंतर समाधान व्यक्त केल्याचा आकडाही दिला आहे. पण घाम फुटलेल्या, थरथरणाऱ्या माणसांची वर्णने त्यांनीच आधी लिहिलेली असल्यामुळे ते उत्तर वकिली वाटते.

इंग्रजी सोपी आहे, परिभाषेचे जंजाळ नाही. घेणाऱ्याने प्रयोगांची आणि संवादांची प्रकरणे सावकाश वाचावीत, सिद्धान्ताची भरभर उलटावीत, आणि सोबत जेरी बर्गर यांनी 150 व्होल्टवरच थांबवून केलेल्या पुनरावृत्तीचा 2009 सालचा लेख मिळाला तर तोही वाचावा; तिथे 70 टक्के लोक त्या टप्प्यापुढेही जायला तयार होते.