लांबचं मोठं घर की स्टेशनजवळचं लहान? सुखाच्या हिशेबाने दोन्हींची तुलना

ठाण्यात घर शोधणाऱ्या कित्येक कुटुंबांपुढे शेवटी दोनच पर्याय उरतात. एक, घोडबंदर रोडला कासारवडवलीच्याही पुढे, नव्या टॉवरमधलं ऐसपैस टू बीएचके. दुसरा, त्याच बजेटमध्ये नौपाडा-पाचपाखाडीकडच्या जुन्या इमारतीतलं वन बीएचके, स्टेशनला चालत जाता येईल असं. नवी मुंबईत हेच कोडं तळोजा-उलवे की नेरूळ-वाशी असं पडतं. दर, कर्ज आणि कागदपत्रं समजावून सांगणारे पुष्कळ भेटतात. राहायला गेल्यावर दोन वर्षांनी घरातली माणसं कुठे जास्त सुखात असतील, हे मात्र कुणी विचारत नाही. मानसशास्त्राकडे याचं बरंच ठोस उत्तर आहे.

त्यातली कळीची गोष्ट अशी: जे रोज तसंच असतं त्याची मनाला सवय होते, आणि जे रोज वेगळ्या रीतीने छळतं त्याची होत नाही. हॉलची लांबी रोज तेवढीच असते. घोडबंदर रोडवरच्या गायमुखचा ट्रॅफिक रोज वेगळा असतो.

मोठी जागा काय देते?

हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना पुढच्या वर्षांसाठीचं वसतिगृह चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबाने मिळत असे. देखणी, मोक्याची इमारत मिळाली तर आपण फार खूश राहू आणि वाईट मिळाली तर हिरमुसून जाऊ, असा त्यांचा अंदाज होता. डन, विल्सन आणि गिल्बर्ट यांनी २००३मध्ये मांडलेल्या अभ्यासात वर्षभराने पाहिलं तर दोन्हीकडची मुलं जवळपास सारखीच आनंदी होती. अंदाज बांधताना त्यांनी खोल्या आणि जागा यांना जास्त वजन दिलं होतं, सोबतच्या माणसांना कमी. जर्मनीत चांगल्या घरात राहायला गेलेल्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदीही हेच दाखवतात. घराबद्दलचं समाधान वाढलं आणि टिकलं, पण एकूण आयुष्याबद्दलचं समाधान होतं तिथेच राहिलं.

यावरून ‘जागेला महत्त्वच नाही’ असा निष्कर्ष काढणं मात्र घातक ठरेल. गॅरी इव्हान्स यांनी पुण्यातल्या संशोधकांसोबत कामगार कुटुंबांतल्या १० ते १२ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तो १९९८मध्ये प्रसिद्ध झाला. घरात दाटी जितकी जास्त, तितकं शाळेतलं वागणं आणि अभ्यास बिघडलेला आढळला, आणि या बिघाडाचा धागा आई-वडील व मुलांमधल्या खटक्यांपर्यंत जात होता. म्हणून चौरस फूट मोजण्याआधी घरातली माणसं भागिले खोल्या (हॉल धरून) हा आकडा काढा. वन बीएचकेत आजी-आजोबा धरून पाच जण राहणार असतील तर दर खोलीत अडीच माणसं होतात. तिथे तिसरी खोली खरोखर सुख देते, कारण ती रोजची भांडणं कमी करते. तिघांच्या कुटुंबाने टू बीएचकेवरून थ्री बीएचकेवर जाण्याने असं काही सुटत नाही. ती वाढीव खोली काही महिन्यांत इस्त्रीच्या कपड्यांची आणि सुटकेसची होते.

लांबचा प्रवास काय घेतो?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तुकड्या-तुकड्याने हिशेब लिहायला लावला, प्रत्येक तुकड्यात मन कसं होतं ते सांगून. सकाळी कामावर जाण्याचा प्रवास यादीच्या तळाशी आला, जिवलग माणसांचा सहवास आणि गप्पाटप्पा वरती. अर्थशास्त्र म्हणतं, लांब राहणाऱ्याला त्या बदल्यात मोठं घर किंवा जास्त पगार मिळतो, म्हणजे तोटा भरून निघायला हवा. श्टुत्सर आणि फ्राय यांनी जर्मन आकडेवारी तपासून २००८मध्ये दाखवलं की तो भरून निघत नाही. जास्त वेळ प्रवास करणारे सरासरीने कमी समाधानी असतात.

इथे नुसत्या मिनिटांपेक्षा बेभरवशेपणा जास्त खातो. न्यूयॉर्क परिसरातल्या रेल्वे प्रवाशांमध्ये ज्यांना आपला प्रवास बेभरवशाचा वाटत होता, त्यांच्यावरचा ताणही अधिक होता. म्हणून ठाणे आणि नवी मुंबई जोडणाऱ्या ट्रान्स हार्बर रेल्वेवरचा ठरलेल्या लोकलचा पाऊण तास आणि घोडबंदर रोडवरचा पाऊण तास (जो कधी ३५ मिनिटांचा असतो, कधी ९०चा) यांना एकाच मापाने मोजू नका. तळोज्याचा विचार करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं: २०२३मध्ये सुरू झालेली बेलापूर-पेंधर मेट्रो घरापासून चालत असेल तर त्या घराचं गणित वेगळं, आणि स्टेशनपर्यंत रिक्षाच मिळत नसेल तर वेगळं.

वेळेचा हिशेब कागदावर करा. एका फेरीला ४५ मिनिटं जास्त, दिवसाला दोन फेऱ्या, वर्षाला २५० दिवस: ३७५ तास. आठ तासांच्या पाळीने हे जवळपास ४७ दिवस होतात. ते झोपेतून, मुलांच्या अभ्यासातून आणि व्यायामातूनच येतात. आठवड्यातून तीन दिवस घरून काम असेल तर आकडा ४०% उरतो आणि लांबच्या घराची बाजू एकदम भक्कम होते.

आवाज हा तिसरा मुद्दा, आणि तो दोन्हीकडे उलटू शकतो. वाइनस्टाइन यांनी नवा महामार्ग सुरू झाल्यावर ४ महिन्यांनी आणि पुन्हा १६ महिन्यांनी शेजारच्या रहिवाशांना विचारलं. त्रास कमी झालेला नव्हता. म्हणजे हायवेकडे तोंड असलेली बाल्कनी किंवा स्टेशन रोडवरची हॉर्नबाजी, ‘होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नये.

निवड करताना मन कुठे फसतं?

सँपल फ्लॅट आपण रविवारी सकाळी अकराला पाहतो. तेव्हा डोळ्यांपुढे असते ती खिडकी, डेक आणि समोरचा येऊरचा डोंगर. ज्याच्याकडे लक्ष वेधलं जातं ते आयुष्यात वाटतं तितकं मोठं नसतं. श्केड आणि कानेमन यांच्या १९९८च्या अभ्यासात सगळ्यांनाच वाटत होतं की कॅलिफोर्नियातले लोक तिथल्या हवेमुळे जास्त सुखी असतील. प्रत्यक्ष विचारल्यावर समाधानात फरक निघाला नाही.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण तो करा. दोन्ही घरांसाठी पुढच्या वर्षातला एक साधा मंगळवार उठण्यापासून झोपेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून काढा: कोण कुठे, कुणासोबत, कशाने जातंय. मग नव्या घराच्या गेटपासून ऑफिसच्या दारापर्यंत कामाच्या दिवशी, तुमच्याच वेळेला, तीनदा जाऊन या. त्यातली एक फेरी पावसाळ्यातली असली तर उत्तम. सरासरी काढण्यापेक्षा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त वेळ यांतलं अंतर लिहा; ते अर्ध्या तासापेक्षा जास्त असेल तर सावध व्हा. एकदा रात्री अकराला बेडरूमच्या खिडक्या उघडून २० मिनिटं बसा. माहितीपत्रकातली येऊ घातलेली मेट्रो या हिशेबात धरू नका. आज जी गाडी धावते तीच धरा.

माणसांचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. तलावपाळीवर संध्याकाळी भेटणारा मित्रांचा कट्टा, दहा मिनिटांवरची बहीण, आईच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणी यांपैकी कोण नव्या पत्त्यावर आठवड्यातून एकदा तरी भेटेल, ते नावानिशी लिहा. हार्वर्डच्याच १९३८पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात उतारवयातल्या आरोग्याशी आणि समाधानाशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट आढळली ती जवळची नाती. सेवानिवृत्त आई-वडिलांना या कट्ट्यापासून तोडणं हा लांबच्या घराचा सगळ्यात महाग हप्ता असू शकतो. उलट तुमचं सगळं गोत आधीच खारघर-तळोज्याकडे सरकलं असेल, तर स्टेशनजवळचं घर एकाकी ठरेल.

आमचा कौल सांगायचा तर: दर खोलीमागे दोनपेक्षा कमी माणसं आणि रोज ऑफिस असेल, तर लहान, जवळचं घर घ्या आणि जमेल तर भांडी-स्वयंपाकाला बाई ठेवा. व्हिलन्स आणि सहकाऱ्यांच्या २०१७च्या प्रयोगात वेळ वाचवण्यावर खर्च केलेले पैसे वस्तूंवरच्या खर्चापेक्षा लोकांना जास्त आनंद देऊन गेले. दाटी असेल, किंवा कामाचं ठिकाणच नवी मुंबईतल्या महापे-घणसोलीला असून बस दारातून सुटत असेल, तर मोठं घर घ्यायला कचरू नका.

दोन्ही बाजू सारख्या भरल्या तर विकत घेण्याआधी त्याच भागात लीव्ह अँड लायसन्सवर ११ महिने भाड्याने राहा. नवेपणाचा आनंद साधारण पहिल्या काही महिन्यांत ओसरतो, आणि या ११ महिन्यांत पावसाळाही अनुभवून होतो. राहायला गेल्या दिवसापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी घरातल्या प्रत्येकाने, एकमेकांना न दाखवता, आयुष्य एकंदर कसं चाललंय याला शून्य ते दहापैकी गुण द्यावेत. पहिल्या तीन महिन्यांचे गुण बाजूला ठेवा आणि त्यापुढचे पाहा, मुलांचे आणि आजीचेही.