२०१३ ची सफारी स्टॉर्म, कस्टम ट्यून आणि भोसरीतला एक तिरसट माणूस

घाईत असाल तर एवढंच वाचा. २०१३ ची टाटा सफारी स्टॉर्म, २.२ लिटरचं व्हॅरिकॉर डिझेल इंजिन, कंपनीची १४० पीएस ताकद आणि ३२० एनएम टॉर्क (ओढ) वाली, भोसरी एमआयडीसीच्या बाजूला एक जण एकट्यानेच ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) काम करतो त्याच्याकडून कस्टम ट्यून, म्हणजे त्या कॉम्प्युटरमधली सेटिंग खास आमच्या गाडीसाठी बदलून, करून घेतली. काम चोख, माणूस तिरसट, वेळ भरपूर लागतो, पैसे वसूल. नाव टाकत नाहीये कारण त्यानेच सांगितलंय की आधीच हातात कामं जास्त आहेत, अजून फोन नकोत. आणि खरं सांगायचं तर नावापेक्षा तो काम कसं करतो तेच जास्त उपयोगाचं आहे, कारण त्यावरून तुम्हाला तुमच्या भागातला ट्यूनर पारखता येईल.

आता सविस्तर.

स्टॉर्म ज्यांच्याकडे आहे त्यांना गाडीचं दुखणं वेगळं सांगायला नको. दोन टनांच्या आसपास वजन, १५०० आरपीएमच्या खाली गाडी झोपलेली, मग टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) जागा झाला की एकदम ढकलते. एकट्याने हायवेला चालवायला मजा येते पण घरचे पाच जण, मागे बॅगा, एसी चालू आणि साताऱ्याला जाताना खंबाटकीत पुढे कंटेनर आडवा आला की तिसऱ्यात गाडी ओढत नाही आणि दुसऱ्यात टाकली की इंजिन नुसतं बोंबलतं. विकायचा विषय घरात काढायची सोय नाही, बाबा टेल्कोतून रिटायर झालेत, टाटा मोटर्स म्हणत नाहीत अजून, टेल्कोच म्हणतात, आणि ही गाडी त्यांनी घेतलेली आहे. ट्यूनचं नाव काढल्यावर पहिलं वाक्य काय तर "कंपनीत काय येडे बसलेत का?"

प्रश्न चुकीचा नाही, म्हणून उत्तर देतो. कंपनी एक गाडी बनवत नाही, हजारो बनवते, आणि तोच मॅप (ईसीयूमधली सेटिंग) लडाखच्या थंडीत पण चालला पाहिजे, विदर्भातल्या उन्हाळ्यात पण, कुठल्यातरी आडगावच्या पंपावरचं डिझेल टाकलं तरी चालला पाहिजे, फिल्टर वेळेवर बदलला नाही तरी इंजिन टिकलं पाहिजे, वर प्रदूषणाचे नियम आहेतच (त्या चाचण्या करणारी एआरएआय आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, रोज सकाळी तिच्या शेजारून अर्धं कोथरूड फिरायला जातं). एवढं सगळं सांभाळायचं म्हणून कंपनी हातचं राखून ठेवते. ट्यूनवाला त्या राखलेल्यातलं थोडं काढून देतो, बाकी जादू काही नाही.

आता पर्याय काय काय असतात ते बघा कारण सगळ्यालाच लोक ट्यून म्हणतात. सगळ्यात स्वस्त पेडल बॉक्स, तो फक्त अॅक्सिलरेटरचा सिग्नल बदलतो, म्हणजे तुम्ही पाव दाबला की गाडीला वाटतं अर्धा दाबला. ताकद तसूभर वाढत नाही, गाडी नुसती उतावळी होते. दुसरा ट्यूनिंग बॉक्स, तो रेल प्रेशरचा (डिझेल ज्या दाबाने इंजिनात फवारलं जातं त्याचा) सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधे बसतो आणि ईसीयूला प्रेशर खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, मग ईसीयू बिचारा प्रेशर वाढवत बसतो. फरक पडतो, काढून ठेवता येतो, विकताना सोपं. पण लाख किलोमीटरच्या वर चाललेल्या गाडीत जुने इंजेक्टर (डिझेल फवारणारे), त्यांच्यावर अजून प्रेशर, आणि ईसीयूला पत्ताच नाही, हे मला झेपलं नाही. तिसरी तयार फाइल, म्हणजे ईसीयूत टाकायचा बदललेला मॅप, स्टेज वन म्हणून विकतात. यात बऱ्याच ठिकाणी काय होतं की दुकानदार तुमच्या गाडीतली फाइल काढतो, कुठेतरी मेलने पाठवतो, तासाभरात बदललेली फाइल परत येते, ती टाकतो आणि बिल देतो. फाइल वाईटच असते असं नाही, पण ती बनवणाऱ्याने तुमची गाडी बघितलेली नसते. नवीन गाडीला हे चालून जातं. दहा-बारा वर्षांच्या गाडीत एकासारखी दुसरी नसते.

पश्चिमेकडच्या उपनगरात एक एकदम चकाचक दुकान आहे, काचेची केबिन, कॉफी वगैरे, तिथे फोनवरच मला १८५ बीएचपीचा आकडा मिळाला. किलोमीटर किती झालेत विचारलं नाही, क्लच कधी बदलला विचारलं नाही, गाडी धूर टाकते का विचारलं नाही. "सर दोन तासात डन." तिथूनच मी फोन ठेवला.

भोसरीवाल्याने फोनवर आकडा सांगितलाच नाही. उलट प्रश्न विचारत बसला. क्लच कितीला बदलला, इंजिन ऑइल खातं का, घाटात धूर कसा, काळा की निळा, डिझेल फिल्टर शेवटचा कधी. काळा म्हणजे डिझेल जास्त हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, निळा असेल तर येऊच नका म्हणाला. मग म्हणाला गाडी घेऊन या, पण त्या दिवशी ट्यून होणार नाही.

आणि खरंच झालं नाही. लॅपटॉप उघडायच्या आधी त्याने टर्बोकडून इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करतो तो) आणि इंटरकूलरकडून इंजिनला जाणारे हॉज पाईप तपासायला घेतले, कॉम्प्रेसरने आत थोडी हवा भरली आणि बाहेरून साबणाचं पाणी मारलं. एका क्लॅम्पच्या खाली बारीक चीर होती, वरून बघून दहा मेकॅनिकना दिसली नसती, तिथून बुडबुडे यायला लागले. म्हणजे टर्बो हवा दाबतोय आणि ती वाटेतच गळतेय. एअर मास सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) काढून दाखवला, त्याच्यावर तेलकट काजळी. ईजीआर (प्रदूषण कमी करायला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पण चोक होत आलेला, तो साफ केला. बरेच लोक ईजीआर बंदच करून देतात, हा नाही म्हणाला, मला पण नकोच होतं.

मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. ही बघण्यासारखी असते. चारही इंजेक्टरच्या रिटर्न लाइनला नळ्या लावून चार बाटल्या लटकवल्या, इंजिन चालू ठेवलं. इंजेक्टर जेवढं डिझेल परत सोडतो तेवढं बाटलीत जमतं. तीन बाटल्या साधारण एका लेव्हलला आणि तिसऱ्या नंबरची बोटभर वर. बाबा सोबत आलेले, खुर्ची ओढून बाटल्यांसमोर बसले होते, आयुष्य कारखान्याच्या लाइनवर काढलेला माणूस, त्यांना बोलवावं लागलं नाही. ट्यूनर म्हणाला हा इंजेक्टर अजून लिमिटमधे आहे, बदलायची गरज नाही, पण मी तुमच्या गाडीत रेल प्रेशर वाढवणार नाही, कंपनीचं आहे तेच ठेवणार. आता मला सांगा, मेलवर आलेल्या फाइलला तिसऱ्या नंबरचा इंजेक्टर कसा कळणार होता?

हॉज नाना पेठेतून आणला, सेन्सर साफ झाला, फिल्टर नवा, आणि त्याने गाडी परत देऊन टाकली. म्हणाला काही दिवस अशीच चालवा, मग ट्यून हवीच असेल तर या. धंदा करायची ही कुठली पद्धत असं मला वाटलं, पण गाडी घेऊन निघालो आणि नाशिक फाट्याच्या पुलावरच फरक कळला. निम्मं दुखणं त्या चिरेत होतं! कुणाकुणाला इथेच थांबता येईल, आणि थांबावं. आमच्या मेहुण्याची एक्सयूव्ही अशीच साफसफाईवर भागली, त्याने ट्यून केलीच नाही.

मला तरीही घाटासाठी हवी होती म्हणून परत गेलो. इथे बाबांनी मुद्दा काढला तो सगळ्यात कामाचा निघाला. कंपनीने नंतर २०१५ च्या शेवटी स्टॉर्म ४०० आणली, २.२ लिटरचंच इंजिन, १५६ पीएस आणि ४०० एनएम. पण त्याच्यासोबत सहा गिअरचा नवा गिअरबॉक्स दिला. आमच्यात जुना पाच गिअरचा. बाबा म्हणाले इंजिन देईल रे ४००, पण मागचं सामान ३२० साठी बसवलेलं आहे त्याचं काय? ट्यूनरने पहिल्यांदा मान वर करून बघितलं, मग दोघांचं जे जमलं ते जमलं, मी चहा आणायला गेलो.

ठरलं ते असं. टॉर्क ३६० च्या आसपास थांबवायचा, आणि १८०० च्या खाली फार हात लावायचा नाही. ऐकायला उलटं वाटतं कारण मरगळ खालीच आहे, पण कमी आरपीएमला जास्त टॉर्क दिला की क्लच आणि गिअरबॉक्सवर सगळ्यात जास्त ताण येतो, म्हणून खाली फक्त टर्बो थोडा लवकर उठेल एवढंच करायचं आणि खरी भर १८०० ते ३००० मधे टाकायची, जिथे घाट चढला जातो.

फाइल काढताना बॅटरीला चार्जर लावून ठेवला, मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीयू बाद होऊ शकतो. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घालून आधी माझ्या हातात दिली. मग पहाटे देहूरोडच्या पुढे जुन्या हायवेवर लॉगिंग, म्हणजे गाडी चालवत ईसीयूतले आकडे नोंदवणं. तो शेजारी, मांडीवर लॅपटॉप. "तिसरा टाका. १५०० वर येऊ द्या. आता पाय पूर्ण खाली, मी सांगेपर्यंत सोडायचा नाही." स्क्रीनवर दोन रेघा, एक ईसीयूने मागितलेलं बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), एक खरंच मिळालेलं. पहिल्या फाइलला २००० च्या आसपास मिळालेली रेघ मागितलेलीच्या वर उसळी मारून परत खाली येत होती. गाडी चालवताना मला ते अजिबात जाणवलं नव्हतं, उलट मस्त धक्का बसल्यासारखं वाटलं होतं. तो म्हणाला तोच धक्का काढायचाय, असं रोज झालं तर टर्बोची वाट लागेल आणि एखाद्या दिवशी घाटातच गाडी लिम्प मोडमधे (इंजिन वाचवायला ईसीयू ताकद कापतो तो) जाईल. गाडी बाजूला घेतली, टर्बोच्या व्हेनचा (आतल्या हलत्या पात्यांचा) मॅप थोडा बदलला, परत लॉग, परत बदल. दोन्ही रेघा एकमेकींवर बसेपर्यंत हेच. कस्टम कस्टम म्हणतात ते हे.

रिझल्ट. डायनोचा (ताकद मोजणाऱ्या मशीनचा) कागद नाही त्यामुळे बीएचपी विचारू नका, त्यानेच सांगितलं की डायनो न करता आकडा लिहून देणार नाही. खंबाटकी आता भरल्या गाडीने तिसऱ्यात चढते. सिंहगडाच्या वळणांवर दुसऱ्यातून निघताना जो रुसवा असायचा तो गेला. हायवेला ८० वरून ओव्हरटेक करताना गिअर खाली टाकायची गरज क्वचित पडते. मागे काळा धूर नाही, पीयूसी नीट निघाली. अॅव्हरेज होतं तेच आहे, हायवेला १२-१३. ट्यूनने अॅव्हरेज वाढतं असं जे सांगतात त्यांनी पाय कोणाचा ते पण सांगावं.

तक्रारी पण आहेत. माणूस फोन उचलत नाही, मेसेजला दुसऱ्या दिवशी "हो" असं उत्तर येतं आणि हो कशाला ते आपण ओळखायचं. पार्किंगची बोंब, गाडी रस्त्यावर लावून नजर ठेवावी लागते. दिलेल्या तारखेला काम होईल या भरवशावर सुट्टी टाकू नका. ट्यूनचे पैसे पंचवीस-तीस हजारांच्या घरात, पण हॉज, फिल्टर, साफसफाई, टेस्ट हे वेगळं, ते धरूनच बजेट करा. आणि बिलावर दुरुस्तीचं सगळं लिहिलेलं असतं, ट्यूनचं मात्र एका ओळीत उरकलंय, मला तिथे काय बदललं ते लेखी हवं होतं.

कायद्याचं पण सांगतो कारण दुकानदार सांगत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळं होईल असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लॅपटॉपवर केलंय, कोणाला दिसत नाही, हे खरं असलं तरी अपघाताच्या क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला अडून बसू शकतो. जोखीम समजून उमजून घ्यायची असेल तर घ्या. आमची गाडी २०२८ ला पंधरा वर्षांची होईल, तेव्हा रिन्यूअल आणि फिटनेसच्या आधी मूळ फाइल परत टाकायची असं आत्ताच ठरवून ठेवलंय, म्हणून तो पेनड्राइव्ह आरसीच्या पाकिटात आहे.

अजून एक, सर्व्हिस सेंटरला गाडी दिलीत तर ईसीयू अपडेट करू नका असं जॉब कार्डवर लिहून घ्या, नाहीतर अपडेटमधे ट्यून पुसली जाते आणि परत भोसरी.