पॉवर टिल्ट स्टिअरिंगची घरी केलेली दुरुस्ती: आठ महिन्यांनंतर

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बाबा मंडईतून भाजी घेऊन आले आणि किल्ली टेबलावर ठेवता ठेवता म्हणाले, “अरे, स्टिअरिंग वर गेलंय ते खालीच येत नाही.” तिथून घरापर्यंत ते हात खांद्याच्या उंचीला ठेवून गाडी चालवत आले होते. खाली जाऊन बघितलं. आमच्या गाडीत स्टिअरिंग मोटरने वर-खाली होतं, त्यालाच पॉवर टिल्ट म्हणतात. त्याचं बटन दाबलं की आतून मोटरचा घूंऽऽ असा आवाज यायचा, पण कॉलम, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो दांडा, जागचा हलत नव्हता. चाकाचा मधला भाग बरोबर स्पीडोमीटरच्या आड, त्यामुळे काटा दिसायला मान वाकडी करावी लागे.

गाडी अठरा वर्षांची, सेकंड हँड घेतलेली मोठी सेडान. सर्व्हिस सेंटरमध्ये नेली, तर दहा मिनिटांत उत्तर मिळालं: “सर, सुटा पार्ट येत नाही. कॉलम असेंब्लीच बदलावी लागेल.” आकडा १,३८,००० रुपये, जीएसटी आणि मजुरी वेगळी. काय तुटलंय ते उघडून बघाल का, असं विचारलं, तर उघडणं आमच्या पद्धतीत बसत नाही म्हणाले. हा राग अजून गेलेला नाही. मोटर फिरते आहे, स्विच चालतो आहे, कॉलम शाबूत आहे, मग मधला जो काही तुकडा गेला असेल त्यासाठी सव्वा लाखाच्या वर पैसे कशाचे? मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर चौकशी केली. जुना कॉलम २२,००० ला मिळत होता, पण गॅरंटी नाही आणि त्याचं ग्रीस आमच्याइतकंच जुनं.

कुणी म्हणेल, वर अडकलेलं स्टिअरिंग एकदा खाली आणून तिथेच ठेवा, किल्ली काढल्यावर आपोआप वर जाणं (ऑटो) बंद करा, विषय संपला. बऱ्याच जणांनी मला हेच सुचवलं. पण आमच्या घरी गाडीतली हीच एक सोय सगळ्यात मोलाची आहे. बाबांचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. किल्ली काढली की स्टिअरिंग वर सरकतं, मांडी आणि चाक यांच्यात जागा होते आणि त्यांना आधाराशिवाय उतरता येतं. लेदर सीट, सनरूफ यांतलं काही बंद पडलं असतं तर मी पानासुद्धा उचलला नसता.

आधी निदान, कारण त्यातच निम्मं काम होतं. बटन दाबल्यावर काहीच आवाज नसेल तर फ्यूज, स्विच, वायर किंवा मोटरचे ब्रश बघा. नुसतं ‘टिक’ होत असेल तर कुठेतरी जाम आहे. मोटर मोकळी फिरते आणि कॉलम हलत नाही, म्हणजे मधला गिअर गेला. आमचं तिसरं. रचना साधी आहे: १२ व्होल्टची छोटी मोटर, तिच्या टोकाला स्टीलचा वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा), वर्मवर प्लास्टिकचं वर्म व्हील (हाच तो दात्यांचा गिअर), ते एक लांब स्क्रू फिरवतं आणि स्क्रूवरचा नट कॉलमला वर-खाली ढकलतो. स्क्रूचे आटे इतके बारीक असतात की उलट बाजूने जोर लावला तरी तो फिरत नाही. म्हणून गिअर तुटूनही स्टिअरिंग धपकन खाली आलं नाही.

एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम काढलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि अर्धा तास थांबलो. चाकात एअरबॅग आहे आणि बॅटरी काढल्यावरही तिच्या कंट्रोल युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज शिल्लक असतो. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावला नाही आणि त्यांच्यावर मल्टिमीटर तर अजिबात नाही. चाक सरळ ठेवलं, काढलं नाही. कारण चाकाखालची गुंडाळलेली पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, चुकीची फिरली की एअरबॅगचं आणि हॉर्नचं कनेक्शन तुटतं.

कॉलमवर हातोडी मारू नका, हे वेगळं सांगतो. धडक बसली की कॉलम आत दबावा, चालकाच्या छातीत घुसू नये, अशी त्याची रचना असते. जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाने असा कॉलम १९६७ च्या मॉडेल्समध्ये दिला आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत त्याबाबतचे नियम लागू झाले. बऱ्याच कॉलममध्ये आतल्या नळ्या प्लास्टिकच्या पिनांनी धरलेल्या असतात. बाहेरून ठोकलं तर त्या पिना तिथेच तुटतील आणि तुम्हाला कळणारही नाही.

आमच्या गाडीत खालचं कव्हर आणि गुडघ्यासमोरचं पॅनल काढलं की मोटर-गिअरबॉक्स दिसतो, कॉलम उतरवावा लागत नाही. टॉर्क्सचे (चांदणीच्या खाचेचे) चार स्क्रू निघाले आणि गिअर हातात आला. दहा रुपयांच्या नाण्याएवढा. बत्तीस दातांपैकी सात दाते सपाट. एवढ्याशा तुकड्यासाठी १,३८,०००! तो गिअर मी अजून जपून ठेवला आहे.

इथे पुण्यात नाना पेठेत दोन दिवस हिंडलो, बुधवारी जुन्या बाजारातही गेलो, जुळणारा गिअर मिळाला नाही. शेवटी भोसरी एमआयडीसीत गिअर कापणारे एक काका भेटले. त्यांनी दाते मोजले, वर्म लावून बघितला आणि म्हणाले, “डेल्रिनमध्ये बनवून देतो, मूळ मालाच्या जवळचं आहे.” डेल्रिन म्हणजे एक कडक प्लास्टिक. मी गनमेटलचा, म्हणजे धातूच्या गिअरचा, आग्रह धरला. प्लास्टिक तुटलं, म्हणजे प्लास्टिकच वाईट, असं माझं ठाम मत झालं होतं. काकांनी दोनदा समजावलं आणि मग बनवून दिला. १,२०० रुपये.

बसवला आणि स्टिअरिंग पहिल्या दाबाला खाली आलं. बाबांनी पाच-सहा वेळा किल्ली लावून-काढून बघितली. ऑक्टोबरात हा अनुभव लिहायला घेतला, तेव्हा पहिलं वाक्य होतं की सगळ्यांनी धातूचाच गिअर बसवावा. ते वाक्य आज पूर्ण मागे घेतो.

दिवाळीनंतर आवाज सुरू झाला. आधी बारीक किरकिर, मग खर्रर्र. डिसेंबरच्या मध्यात एका सकाळी स्टिअरिंग निम्म्यावर थांबलं आणि फ्यूज उडाला. पुन्हा उघडलं. गनमेटलचे दाते शाबूत होते, मोटर हात लावू नये इतकी तापलेली. मग मोटर बाजूला ठेवून स्क्रू नुसत्या बोटांनी फिरवायला गेलो, तर फिरेना. पहिल्या वेळी मी गिअरबॉक्स चकचकीत पुसला होता आणि स्क्रूकडे नुसती नजर टाकली होती. आट्यांत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट बसलेलं. ग्रीसमधलं तेल वर्षानुवर्षं सुटत, सुकत जातं आणि मागे चिकट राळ राहते. त्यात पुण्याच्या उन्हात उभी राहणारी गाडी.

म्हणजे मूळ प्लास्टिकचा गिअर वाईट नव्हता. जाम झालेल्या स्क्रूचा सगळा जोर त्याच्यावर आला आणि तो स्वतः तुटला, मोटर मात्र वाचली. मी तिथे धातू बसवून तो जोर मोटरवर ढकलला होता. हिशोब करून बघा: रोज दोन फेऱ्या धरल्या तर चार हालचाली, वर्षाला १,४६०, अठरा वर्षांत सव्वीस हजारांच्या वर. एवढं काम त्या प्लास्टिकच्या चकतीने केलं. मूळ डिझाइन करणाऱ्याबद्दल माझं मत पूर्ण बदललं. सुटा भाग न विकणाऱ्यांबद्दल तसूभरही बदललं नाही.

स्क्रू रॉकेलच्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने दोन तास घासला, कोरडा केला आणि प्लास्टिक गिअरसाठी चालणारं पांढरं सिंथेटिक ग्रीस पातळ लावलं. नटाला रॉकेल लागू दिलं नाही. साफसफाईच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा स्कूटरच्या जुन्या बॅटरीवर, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज टाकून मोटर चालवून पाहिली. साफ करण्याआधी ती साडेसहा अँपिअर ओढत होती, नंतर सव्वादोन. खालून वरपर्यंत जायला सात सेकंद लागायचे, आता चार. तेव्हा आठवलं, गेली दोन वर्षं स्टिअरिंग हळू झालं होतं आणि आमच्यापैकी कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही. तुमचं हळू झालं असेल तर गिअर तुटायची वाट बघू नका. नुसतं साफ करून ग्रीस भरा, खर्च तीन-चारशे रुपये.

काकांकडे परत गेलो. ते “मी म्हटलं होतं” असं एकदाही म्हणाले नाहीत. डेल्रिनचे दोन गिअर ९०० रुपयांना करून दिले. जानेवारीपासून त्यातला एक गाडीत आहे. पाच महिने झाले, आवाज नाही. मेमध्ये भर दुपारी उघड्यावर उभ्या गाडीत मुद्दाम वीस वेळा वर-खाली करून बघितलं, वेळ तोच, चार सेकंद.

दोन्ही खेपांचा हिशोब असा: गनमेटलचा गिअर १,२००, डेल्रिनचे दोन ९००, ग्रीस ३५०, टॉर्क्सचे बिट ४८०. एकूण २,९३० रुपये. पहिल्याच वेळी काकांचं ऐकलं असतं आणि स्क्रू हाताने फिरवून बघितला असता, तर यातले १,२०० आणि डिसेंबरचा मनस्ताप वाचला असता.

एक दुखणं उरलंय. गाडी प्रत्येकाची चाकाची उंची लक्षात ठेवते, त्यात मेमरी १ वर बाबांची जागा बरोबर येते, पण मेमरी २ वर चाक माझ्या पत्नीसाठी अर्धा इंच वर थांबतं. तिने दोनदा नव्याने सेव्ह करून बघितलं, आठवड्याभरात पुन्हा तेच. संशय जागा मोजणाऱ्या सेन्सरवर आहे. तो मोटरच्या मागच्या बाजूला आहे आणि त्यासाठी एक ब्रॅकेट काढावा लागेल. पाऊस सुरू व्हायच्या आत एखादा रविवार मिळाला तर उघडून बघतो, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत. तोवर ती बटनाने खाली घेते आणि बाबा रोज सकाळी मंडईत जातात.