बार्बरा स्टॅनविक: आधी कोणता पाहावा?

मावसबहिणीचा प्रश्न: रविवारची एकच संध्याकाळ मोकळी आहे, हॉलिवूड अभिनेत्री बार्बरा स्टॅनविकचा ‘द लेडी ईव्ह’ (१९४१) लावू की ‘डबल इंडेम्निटी’ (१९४४)?

पोस्टरवरच्या गमजा सोडून दे. वेळेत फार फरक नाही: पहिला दीडेक तास, दुसरा पावणेदोन. दोन्ही कृष्णधवल. संवाद मात्र पहिल्याचे जड. पात्रं फाडफाड बोलतात, सबटायटल्स हवेतच. दुसऱ्यात निवेदन आहे, त्यामुळे धागा सुटत नाही.

खरी तुलना अभिनयाची. ‘ईव्ह’मध्ये बार्बरा पत्त्यांत लुबाडणारी ठग. जहाजावर जेवताना नायक हेन्री फोंडाकडे पाठ करून बसते, छोट्या आरशात त्याला न्याहाळते आणि त्याच्यावर गळ टाकणाऱ्या एकेका बाईची कॉमेंट्री करते. मग स्वतः पाय आडवा घालून त्याला पाडते! ‘इंडेम्निटी’त उलट. गाडीत शेजारीच नवऱ्याचा खून होतोय, कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर, आणि ती समोर रस्त्याकडे बघतेय. तो सोनेरी विग मला आजही खोटाच वाटतो; पण बाईच खोटी, म्हणून खपून जातो.

ब्रुकलिनची ही मुलगी, आई लहानपणीच गेलेली, कोरसमध्ये नाचून वर आली. ऑस्करची चार नामांकनं, त्यातलं एक ‘इंडेम्निटी’साठी, हाती पडलं ते १९८२ मधलं मानद.

घरचे सोबत असतील तर ‘ईव्ह’. एकटीच दिवे मालवून बसणार असशील तर ‘इंडेम्निटी’.