एम.ए. समाजशास्त्र की एमएसडब्ल्यू?

बी.ए. झालं, आता यातलं कुठलं घ्यावं? एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. फरक आठवड्यात दिसतो. एमएसडब्ल्यूत साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य: वस्ती, रुग्णालय, मग अहवाल लिहून मार्गदर्शकाची सही. प्रवासखर्च बहुधा खिशातून, आणि अहवाल साचले की सत्र अंगावर येतं. समाजशास्त्रात वाचन जड: मार्क्स, वेबर, दुर्खीम, घुर्ये असे समाजविचारवंत, शिवाय संशोधनपद्धती.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या एम.ए.वर थेट पद क्वचितच. प्राध्यापकीला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. हवीच. यूपीएससीत मात्र समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो, ५०० गुणांचा. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकपदासाठी समाजकार्याची पदवी मागतात.

घरी लवकर पगार हवा तर एमएसडब्ल्यू. अध्यापन, संशोधन, स्पर्धापरीक्षा आणि चार-पाच वर्षं थांबायची तयारी असेल तर समाजशास्त्र.