गुगल, व्हॉट्सॲप की इन्स्टाग्राम? छोट्या सेवा-व्यवसायाला वर्षभर झेपेल असं पोस्टिंग

एसी दुरुस्ती करणारा कारागीर फेब्रुवारीत उत्साहानं रोज पोस्ट टाकायला लागतो. एप्रिलमध्ये फोन वाजायचे थांबत नाहीत, तेव्हा पोस्ट बंद पडतात. ऑगस्टमध्ये हाताला काम कमी असतं, आणि पेजवर शेवटची पोस्ट असते गुढीपाडव्याच्या शुभेच्छांची. नवं गिऱ्हाईक ते पेज उघडतं, 'हा अजून काम करतो का?' अशी शंका घेतं आणि पुढच्या नंबरला फोन लावतं. पार्लरचं हेच लग्नसराईत होतं.

म्हणून निवड करताना दोन प्रश्न आधी सोडवा. गिऱ्हाईक तुम्हाला कुठे शोधतं? आणि ऐन सीझनमध्ये, जेवायलाही उसंत नसताना, यातलं काय चालू राहील? पहिल्या प्रश्नाचं उत्तर धंद्याच्या जातीवर ठरतं. एसी, प्लंबिंग, गिझर ही अडचणीच्या वेळची कामं. पार्लर, मेंदी, ब्लाउज शिवणं ही डोळ्यांनी पारखून निवडायची. घरगुती डबा, इस्त्री, शिकवणी ही सवयीची: एकदा जमलं की महिनोन् महिने चालणारी. खालची तुलना या तिघांना समोर ठेवून केली आहे.

| | मुख्यतः कोण बघतं | किती टिकतं | आठवड्याचा वेळ | सीझनमध्ये चालू राहतं का |
|---|---|---|---|---|
| गुगल प्रोफाइल (नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद) | आत्ता सेवा शोधणारं अनोळखी गिऱ्हाईक | फोटो आणि रिव्ह्यू वर्षानुवर्षं | 15–20 मिनिटं | हो |
| व्हॉट्सॲप स्टेटस | नंबर सेव्ह केलेलं जुनं गिऱ्हाईक | 24 तास | रोज 2 मिनिटं | हो |
| इन्स्टाग्राम रील | ओळखीचे आणि अनोळखी, दोन्ही | महिनोन् महिने दिसू शकतं | एका रीलला पाऊण ते एक तास | आधी करून ठेवलेल्या रीलचा साठा असेल तरच |
| फेसबुक पेज | जुने फॉलोअर | एक-दोन दिवस | 10 मिनिटं | वेगळा वेळ देऊ नये |

यातला वेळ हा आमचा अंदाज आहे, फोनवर सराईत असलेल्या माणसाचा. सुरुवातीला दुप्पट धरा.

गुगल: अडचणीच्या कामांसाठी पहिलं

एसीतून पलंगावर पाणी ठिबकत असताना कुणी रील चाळत बसत नाही. 'एसी रिपेअर' शोधतं आणि नकाशाखाली दिसणाऱ्या पहिल्या दोन-तीन नावांपैकी एकाला फोन करतं. त्या यादीतला क्रम गुगलच्या म्हणण्याप्रमाणे तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणारी सेवा, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि व्यवसाय किती प्रसिद्ध आहे. अंतर तुमच्या हातात नाही. कोथरूडचा कारागीर कितीही पोस्ट टाको, हडपसरच्या शोधात तो तिथल्या माणसाच्या वर सहजी जाणार नाही. उरलेल्या दोन गोष्टींवर मात्र काम करता येतं.

पहिल्या दिवशी प्रोफाइल भरायला एक दुपार द्या. मुख्य कॅटेगरी नेमकी निवडा: 'होम सर्व्हिसेस' असं गोल नको, एसी दुरुस्तीची कॅटेगरी घ्या. मुख्य एक आणि जास्तीच्या 9 कॅटेगरी देता येतात, पण करत नसलेली कामं जोडू नका. घरून काम करत असाल तर पत्ता लपवा आणि सेवा देता ते भाग लिहा, जास्तीत जास्त 20. व्यवसायाचं नाव पाटीवर आणि बिलावर आहे तेवढंच. त्यामागे 'बेस्ट एसी रिपेअर पुणे 24 तास' अशी शेपूट लावली की प्रोफाइल निलंबित होण्याचा धोका असतो, आणि ते परत मिळवण्यात सीझनचे दिवस जातात. प्रोफाइलच्या पडताळणीसाठी गुगल बहुधा व्हिडिओ मागतं. तो सलग असावा, कापून जोडलेला नको. रस्त्याची किंवा दुकानाची पाटी, मग हत्यारं आणि जेट पंप, मग नाव छापलेलं बिलबुक, अशा क्रमानं एकाच दमात घ्या.

त्यानंतर आठवड्याला कामाचे दोन फोटो आणि महिन्यातून दोन पोस्ट पुरतात. पोस्टच्या मजकुरात फोन नंबर टाकू नका, त्यामुळे पोस्ट नाकारली जाऊ शकते. नंबरासाठी कॉलचं बटण आहेच. फोटो कसला? धुण्याआधीचा आणि नंतरचा फिल्टर शेजारी-शेजारी. ड्रेन पाइपमधून निघालेला गाळ, आणि खाली एक ओळ: 'घरातल्या युनिटमधून पाणी गळतंय तर बहुतेक वेळा हे कारण असतं.' किनाऱ्यालगत, म्हणजे मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे, खाऱ्या हवेनं खाल्लेली बाहेरच्या युनिटची कॉइल दाखवा. 'एसीतला गॅस वापरून संपत नाही, कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे. लीक न शोधता गॅस भरून घेऊ नका' ही एक पोस्ट दहा शुभेच्छांपेक्षा जास्त विश्वास कमावते. गिऱ्हाईकाला त्यातून कळतं की हा माणूस फसवणार नाही.

खरं वजन मात्र रिव्ह्यूचं. काम संपून थंड हवा लागत असते तेव्हा तोंडी विचारा आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवा. दुसऱ्या दिवशी पाठवलेली लिंक बहुधा तशीच पडून राहते. 'कुठलं काम केलं आणि कुठल्या भागात, तेवढं लिहा' असं सांगितलं तर 'गुड सर्व्हिस'च्या पुढे मजकूर जातो. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा भेट देणं नियमात बसत नाही. वाईट रिव्ह्यूला दोन वाक्यांत, न भांडता उत्तर द्या. ते उत्तर पुढच्या शंभर जणांसाठी असतं.

व्हॉट्सॲप: सवयीच्या धंद्याचा कणा

डब्याच्या धंद्यात पोस्ट काय टाकायची हा प्रश्नच नाही. उद्याचा मेनू हीच पोस्ट. रात्री आठला 'उद्या: मेथीची भाजी, आमटी, भात, 3 पोळ्या, काकडीची कोशिंबीर. नाव सकाळी 8 पर्यंत सांगा' एवढं स्टेटस पुरे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि भगर आहे का, हे आदल्या दिवशी लोक शोधतातच. पार्लरलाही याचा मोठा फायदा आहे: 'आज दुपारी 2 ते 4 वेळ रिकामा आहे' हे स्टेटस टाकून दुपारच्या रिकाम्या खुर्च्या भरतात. अशा तातडीच्या गोष्टीला गुगल किंवा इन्स्टाग्राम कामाचं नाही.

लोक अडतात ते एका साध्या गोष्टीवर. स्टेटस दिसायला तुमचा नंबर त्यांच्याकडे आणि त्यांचा तुमच्याकडे, दोन्ही सेव्ह हवेत. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) 256 जण घालता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. त्यामुळे 'स्टेटस कुणी बघतच नाही' याचं कारण पुष्कळदा मजकूर नसतो, न सेव्ह केलेला नंबर असतो. पैसे घेताना समोरच नंबर सेव्ह करून घ्या, आणि तुमच्याकडे त्यांचं नाव भागासकट लिहा.

व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप फुकट आहे, पण एका नंबरावर साधं किंवा बिझनेस यांपैकी एकच चालतं. घरचा नंबर वेगळा ठेवता आला तर ठेवाच. लेबलं तीनच लावा: नवीन, नियमित, पैसे बाकी. पंधरा लेबलं कुणी सांभाळत नाही. कॅटलॉगमध्ये दर लिहिले की 'रेट काय?' हे विचारणं कमी होतं. डबा पुरवणाऱ्यांनी एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) 14 अंकी क्रमांकही तिथेच द्यावा.

बिघडतं कुठे? विकत घेतलेल्या नंबरांच्या यादीवर संदेश पाठवल्यानं. लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात, मग नंबर बंद होतो, आणि त्याच नंबरावर अख्खा धंदा असतो. सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्याला जाहिरात टाकणं हेही त्याच वाटेनं जातं. तिथे वर्षातून दोनदा, ॲडमिनला विचारून टाका. बाकी वेळी कुणी 'चांगला प्लंबर आहे का?' असं विचारलं की तुमच्या गिऱ्हाईकानं तुमचं नाव सुचवणं जास्त मोलाचं.

इन्स्टाग्राम: काम डोळ्यांना दिसत असेल तरच

मेंदी, नववधूचा मेकअप, केसांचा रंग, आरी वर्कचा ब्लाउज यांना इन्स्टाग्रामशिवाय आता पर्याय नाही, कारण मुली आधी काम बघतात आणि मग दर विचारतात. प्लंबरनं मात्र इथे तासन्‌तास घालवू नयेत. दोन हजार व्ह्यू नागपूर, इंदूर, सुरतहून आले तर बोईसरच्या नळाला त्याचा उपयोग नाही.

पार्लरच्या रीलला तीनच शॉट पुरतात, प्रत्येकी पाच-सहा सेकंदांचे: आधीचं, हात काम करताना, झाल्यावर. फोन उभा, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर, ट्यूबलाइट बंद, कारण दोन उजेड मिसळले की त्वचेचा रंग बिघडतो. फिल्टर लावू नका. पुढची बाई तोच शेड मागते आणि तो प्रत्यक्षात नसतो. मेंदी लावून झाल्यावरचा फोटो अर्धाच. रंग चढायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशीचा फोटो नवरीकडून मागून घ्या. रंग किती चढतो हाच तर बघणाऱ्याचा प्रश्न असतो. बिझनेस अकाउंटवर गाजलेली सिनेमागीतं बऱ्याचदा मिळत नाहीत किंवा नंतर आवाज काढून टाकला जातो. त्यापेक्षा स्वतःच्या आवाजात मराठीत दोन वाक्यं बोला: कुठला प्रॉडक्ट, किती वेळ लागला, किती दिवस टिकेल.

प्रोफाइलच्या माथ्यावर तीन पोस्ट पिन करता येतात. त्यात दरपत्रक, दुकान कुठे आहे ते, आणि सगळ्यात चांगलं काम ठेवा. या तीन नीट असल्या तर पंधरा दिवस काहीच टाकलं नाही तरी नुकसान होत नाही. वेळेचंही भान हवं. नववधूचं बुकिंग लग्नाच्या बरंच आधी होतं, त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी रील गणपतीच्या सुमारास दिसायला हवेत, दिवाळीत नाही.

फेसबुकबद्दल थोडक्यात: पेज असू द्या, इन्स्टाग्रामची पोस्ट तिथे आपोआप जाऊ द्या, आणि गावातल्या एखाद्या जिवंत ग्रुपवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. तालुक्याच्या ठिकाणी, जिथे चाळिशीपुढचं गिऱ्हाईक जास्त, तिथे याला थोडं जास्त वजन द्या.

रोज, आठवड्याला दोन, की महिन्याचं एकदम?

रोज टाकायचं ठरवलं की दुसऱ्या आठवड्यापासून सुविचार सुरू होतात, कारण रोज दाखवण्यासारखं काम नसतं. स्टेटस सोडून बाकी कुठेही रोजचा आग्रह धरू नका.

महिन्याचं एकाच दिवशी करून मेटा बिझनेस सूटमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट सांभाळायचं साधन) तारखा लावून ठेवणं सोयीचं आहे आणि फुकटही. पण त्यातून 'या आठवड्यात 20 टक्के सूट' ही पोस्ट नेमकी तेव्हा निघते जेव्हा तुमच्याकडे वेळच नसतो. सूट, वेळ, सुट्टी असलं काही आधीपासून लावून ठेवू नका.

आमची पसंती मिश्र पद्धतीला आहे. शिळ्या न होणाऱ्या 12 पोस्टचा साठा करायचा आणि आठवड्याला त्यातली एक व एक ताजा कामाचा फोटो टाकायचा. साठा तीन महिने पुरतो. सहा महिन्यांनी तीच पोस्ट पुन्हा टाकली तरी कुणाला खटकत नाही. साठा करायचा मंदीत: एसीवाल्यानं पावसाळ्यात, पार्लरनं आणि शिंप्यानं पितृपक्षात. ताज्या फोटोंसाठी फोनमध्ये 'पोस्ट' नावाचा अल्बम करा आणि प्रत्येक कामाला दोनच फोटो काढा, आधी आणि नंतर. रविवारी पंधरा मिनिटांत त्यातून निवडा. संध्याकाळी गॅलरीतल्या चारशे फोटोंत शोधायला लागलं की सवय तिथेच मोडते.

फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, आणि चेहरा दिसत असेल तर व्हॉट्सॲपवर 'हो चालेल' असं लिहून घ्या. फ्लॅटचा नंबर, दारावरची पाटी, गाडीची नंबरप्लेट, मागे खेळणारी मुलं चौकटीबाहेर ठेवा.

स्वतः करायचं की कुणाला द्यायचं?

एजन्सी महिन्याला ठरावीक पोस्टचं पॅकेज देते. ठरवण्याआधी एकच विचारा: यातल्या किती पोस्टमध्ये माझ्या कामाचे फोटो असतील? उत्तर निम्म्याहून कमी आलं तर तुम्ही सणांच्या शुभेच्छांचे पैसे भरताय. द्यायचंच तर एडिटिंग द्या. फोटो आणि दोन ओळी तुमच्याच हव्यात. भाच्याला दिलं तरी नियम तोच: गुगल प्रोफाइलचे मुख्य मालक तुम्ही, तो मॅनेजर. फेसबुक पेजचा पूर्ण ताबा तुमच्या खात्यावर, आणि पासवर्ड परत मिळवण्याचा नंबर तुमच्या सिमचा. संबंध तुटल्यावर पेज दुसऱ्याच्या ताब्यात राहण्याची वेळ याच दुर्लक्षातून येते.

सुरुवात करणाऱ्यानं यातले दोनच मार्ग घ्यावेत. एसी, प्लंबिंग: गुगल आणि व्हॉट्सॲप. पार्लर, मेंदी, शिवण: इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप, गुगल प्रोफाइल एकदा नीट भरून. डबा, इस्त्री, शिकवणी: व्हॉट्सॲप, आणि गुगलवर रिव्ह्यू. प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला 'कुठून कळलं?' विचारा आणि वहीत नावापुढे गु, व्हॉ, इ किंवा तों (तोंडी) लिहा. एका सीझननंतर ती पानं चाळली की कशाला वेळ द्यायचा ते दिसतं. जे बंद करायचं ठरेल ते अर्धवट सोडू नका: तिथे शेवटची एक पोस्ट पिन करा, 'काम चालू आहे, बुकिंगसाठी या नंबरवर व्हॉट्सॲप करा', आणि नंबर बदलला तर तीही बदला.